सनबोर्डापुढची रिकामी जागा

प्लायवूड, तीन मिलिमीटर. चालतं.
अ‍ॅक्रिलिक. चालतं.
सनबोर्ड.

शाळेच्या नव्या लेझर कटरशेजारी निशिगंधाबाईंनी हा तक्ता स्वतः चिकटवला होता. सनबोर्डापुढं काहीच लिहिलं नव्हतं. कुणाला तरी विचारून लिहू म्हणाल्या, ते राहून गेलं.

मग नववीतल्या हुस्नाचे वडील, डिजिटल बोर्डवाले मौला, वाढदिवसांचे उरलेले सनबोर्ड टेम्पोत घालून घेऊन आले. "रोबोटला लागतंय की, मॅडम. फुकट घ्या."

पोरं खूश. बोर्डावरच्या फोटोंतून रोबोटचे भाग निघणार होते: अर्ध्या मिशीचं चाक. 'भावी नगरसेवका'च्या गालाचा हात. हसतच मशीन लावलं. तिसऱ्या चाकाला झणझणीत धूर सुटला. धूर बाहेर ओढणारा पंखा पुढच्या आठवड्यात बसणार होता.

हुस्ना मशीनला सगळ्यात जवळ होती.

आता दवाखाना. हुस्नाच्या तोंडावर वाफेचा मास्क, छातीत शिट्टी. सनबोर्ड जळला की काय होतं, ते रिक्षात बाईंनी मोबाईलवर वाचलं होतं. आज. कापून झाल्यावर.

फोन. मुख्याध्यापक हंबीरराव.

"बाई, डॉक्टरांना लाकडाची धूळ म्हणा."

"सर, काय जळालं त्यावर औषध ठरतं."

"रोबोटची स्पर्धा शनिवारी हाय. मशीनला कुलूप लागंल, तुमची नोकरीबी जाईल. धूळ म्हणा की!"

डॉक्टर आले. "कशानं झालं?"

तेवढ्यात दुकानातून धावत आलेले मौलाच आधी बोलले, "काल बर्फाचा गोळा खाल्लाय हिनं. वरडलो तरी ऐकत न्हाय."

गोळ्यावर भागत होतं. बाई गप्प राहिल्या असत्या तरी चाललं असतं. मास्कमागून हुस्ना त्यांच्याकडंच बघत होती.

"सनबोर्ड," त्या म्हणाल्या. "पीव्हीसी असतं. जळलं की आम्लाचा वायू निघतो. मी आधी बघायला हवं होतं. बघितलं नाही."

डॉक्टरांनी चिठ्ठीवरचं खोडून नवं लिहिलं. "उद्यापर्यंत ठेवून घेऊ," म्हणाले आणि निघाले.

मौलांचा चेहरा उतरला. "म्हंजे माझ्याच बोर्डानं?"

"माझ्या हातानं, मौलाभाई. तुमचा दोष नाही."

त्यांचं लक्षच नव्हतं. आवाज एकदम बारीक झाला. "मॅडम, दुकानातलं कातरण आमी रोज बंबात घालतोय. आंघुळीच्या पाण्याला. हिची आम्मा बसती म्होरं. धा वर्सं झाली."

निशिगंधाबाई डॉक्टरांच्या मागं पळाल्या.