बिनक्लिपचं पेन

काचेच्या काउंटरवर अकरा पेनं होती. पाचांना सोनेरी क्लिप, तीन पेनांच्या टोपणावर कंपनीची ठसठशीत खूण, एकाच्या अंगावर मोर. उरलेल्या दोन पेनांवर काहीच नव्हतं.

मैत्रेयीने नऊ पेनं पंजाने बाजूला सारली आणि पर्समधून छोटासा वजनकाटा काढला.

"पेन घेताय की सोनं?" गिरीराजने विचारलं. शिवाजीनगरच्या बसस्टँडमागच्या गल्लीत त्याचं दुकान. घराणं चार पिढ्या इथे बेंगळुरात मुरलेलं, त्यामुळे त्याचं मराठी अर्धंमुर्धं कानडीत भिजलेलं.

"टोपण काढून वीस ग्रॅमच्या आत हवंय. आईसाठी."

गिरीराजने तिच्या मागे पाहिलं. अलका दाराशी स्टुलावर बसली होती, शेजारी रत्नाकर तिची पर्स सांभाळत उभा.

"अक्का, स्वल्प आत सरका. उन्हात कशाला बसलात?"

"सरी," अलका म्हणाली, पण हलली नाही. रत्नाकरनेच स्टूल उचलून पंख्याखाली आणलं.

पक्षाघातानंतर तिच्यापाशी एवढा एकच शब्द उरला होता. उजवा हात हळूहळू परत आला. ती चमचा धरू लागली, ब्लाउजचे हूक लावू लागली. बोलणं आलं नाही. जन्मभर घरात मराठी बोललेल्या बाईच्या तोंडात भाजीवाल्यापुरता वापरलेला, 'बरं' अशा अर्थाचा कानडी शब्द तेवढा राहिला. भूक लागली तरी सरी, नको असलं तरी सरी. एकदा रत्नाकरने न राहवून विचारलं होतं, "अगं, मी कोण तुझा?" तेव्हाही सरी.

मैत्रेयी पदार्थविज्ञानात एम. एस्सी. झालेली. तिने आपल्यापुरता हिशेब मांडला होता: बोलणं एका वाटेने बाहेर येतं, लिहिणं दुसऱ्या. एक बुजली तरी दुसरी उघडी असू शकते. आईच्या आत मराठी शिल्लक असेल, तर ती हातातून येईल. स्पीच थेरपिस्ट बाई म्हणाल्या होत्या, "असू शकतं. पण बहुतेकदा दोन्ही बरोबरच जातं." त्यातलं पहिलं वाक्य मैत्रेयीने उचललं, दुसरं तिथेच ठेवून आली.

घरी आईला बॉलपेन देऊन पाहिलं होतं. तिने ते घेतलं, न्याहाळलं आणि टेबलावर ठेवून दिलं. जेलपेनची तीच गत. मैत्रेयीने दोष पेनांवर टाकला. बॉलपेनचं बटण दाबा, मग ते कागदावर दाबा, त्यात रबराची ती जाड पकड. आजारपणानंतर आईला जास्तीचं काहीच सोसत नव्हतं. टीव्हीच्या रिमोटवर बाबांनी चिकटपट्टी लावून दोनच बटणं उघडी ठेवली, तेव्हा कुठे तिला तो वापरता आला. पेनाचंही तसंच असणार. टोकाला शाई, बाकी काही नको.

आणि आई तर मुळात शाईतलीच बाई. सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ती ट्रेसर होती. कॉम्प्युटर येईपर्यंत यंत्रांची ड्रॉइंगं ट्रेसिंग पेपरवर शाईने उतरवायची. नवं पेन हाती आलं की आधी कोपऱ्यात 'श्री', मग काम.

"मैत्रू," रत्नाकर जवळ येऊन हळूच म्हणाला, "इथे चारचौघांत नको गं. घरी नेऊन बघू."

"घरी नाही जमलं तर परत कोण घेणार, बाबा?"

"पेन परत द्यायचं म्हणतेयस ना?"

"पेनच," मैत्रेयी म्हणाली आणि काट्याकडे वळली.

एक सव्वीस ग्रॅम भरलं, दुसरं सतरा. सतरावालं काळं होतं, चकाकी नसलेलं. टोपण लावलं की सांधा कुठे आहे तेही बोटाला कळत नव्हतं.

"त्याला क्लिप नाही," गिरीराजने बजावलं. "खिशाला अडकत नाही, टेबलावरून गडगडतं. आणलं तसं पडून आहे. मी म्हणतो, आहे काय त्याच्यात?"

"काही नाही, म्हणूनच."

"सरी. ज्याची त्याची आवड." त्याच्या तोंडून त्या शब्दाला एकच अर्थ होता.

त्याने निब शाईत बुडवून पुसली. त्याच्या चाचणीच्या कागदावर गिऱ्हाइकांच्या सह्यांची नुसती गर्दी होती. मैत्रेयीने कोरा मागून घेतला.

अलकाने पेन घेतलं आणि या वेळी खाली ठेवलं नाही. बोटांत ते आपोआप बसलं. निब जराशी कलली होती, ती तिने अंगठ्याने फिरवून सरळ केली. रत्नाकर पुढे सरकला.

"आई, श्री काढ," मैत्रेयी म्हणाली.

अलकाने डावीकडून उजवीकडे एक रेघ मारली. बारीक, न थरथरता. मग तिच्याखाली दुसरी.

मैत्रेयी कागदावर वाकली. ट्रेसर अक्षरं लिहिण्याआधी अशा दोन रेघा आखून घेतात. वरची अक्षरांच्या डोक्याची, खालची पायांची. मैत्रेयीच्या वह्यांवर नाव घालतानाही आई तेच करायची.

"बाबा, येतंय," ती पुटपुटली.

अलकाने निब दोन रेघांच्या मधे, डाव्या कडेशी नेली. कागदापासून केसभर अंतरावर हात थांबला. तो थांबूनच राहिला.

"शाई वाळली असंल," गिरीराज म्हणाला. त्याने निब पुन्हा बुडवून दिली. हात पुन्हा त्याच जागी गेला, अगदी त्याच, आणि थांबला.

"श्री, आई. श्री."

अलकाने तिच्या ओठांकडे पाहिलं. मग कागदाकडे. स्वयंपाकघरात येऊन, काय घ्यायला आलो ते विसरलेलं माणूस फडताळाकडे पाहतं, तसं. थोड्या वेळाने तिने स्वतःच टोपण लावलं आणि पेन रेघांना समांतर ठेवलं.

"सरी," ती म्हणाली.

रत्नाकरने पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"पेन चांगलं आहे, मैत्रू," तो म्हणाला. "पेनात काही खोट नाही."

"पॅक करू?" गिरीराजने विचारलं.

मैत्रेयीने होकारार्थी मान हलवली. काउंटरवरची स्टीलची पट्टी ओढून तिने ती कागदावर आडव्या रेघांना काटकोनात धरली. पट्टीशिवाय मारलेल्या त्या दोन रेघांमधलं अंतर डाव्या टोकाला सात मिलिमीटर होतं, मध्यावर सात, उजव्या टोकाला सात.