शीतलच्या घरचा पत्ता

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या वर्षी मी एम.एड.च्या प्रबंधासाठी तीस मुलं गोळा करत होते. 'वर्तनसमस्या असलेले किशोरवयीन विद्यार्थी' असा माझा विषय. म्हणजे शाळांनी ज्यांच्यापुढे हात टेकले होते ती मुलं. डिचोलीच्या शाळेतली नोकरी होती, तिथून वर्षभराची बिनपगारी रजा घेतली होती, आणि माझे मार्गदर्शक पणजीत बसून दर पंधरा दिवसांनी माझी प्रश्नावली बदलत होते. आधी ती इंग्रजीत होती. मग ते म्हणाले, कोकणी राजभाषा झालीय, कोकणीत करा. ते कागद घेऊन मी साखळीच्या एका शाळेत गेले, तर हेडमास्तर कृष्णनाथ सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "आमची शाळा मराठी. हे इथे चालायचं नाही." मराठीत तिसऱ्यांदा सायक्लोस्टाइल केलं तेव्हा बोटांची शाई चार दिवस निघाली नाही.

कृष्णनाथ सरांनी दिलेल्या यादीत पहिलं नाव शीतलचं. नववीतली, चौदा वर्षांची, काटकुळी. तिने गणिताच्या मास्तरांना प्रयोगशाळेत कोंडून बाहेरून कडी घातली होती आणि मधली सुट्टी संपेपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्यासमोर ती बाकावर तिरकी बसली आणि सगळा वेळ खिडकीबाहेर बघत राहिली.

"तुला राग कधी येतो?" मी विचारलं.

"माका नाय म्हायत."

"बरं, लिहून दे."

तिने कागद ओढला आणि लिहिलं, 'असं विचारल्यावर.' बाकी एकोणचाळीस प्रश्न कोरे.

तरी मी चिकाटी सोडली नाही. पाच बैठकांत निम्मी प्रश्नावली भरली. पण प्रत्येक मुलाच्या घरी जाऊन पालकांची मुलाखत घ्यायची, हा मार्गदर्शकांचा हट्ट होता. शाळेच्या रजिस्टरात शीतलचा पत्ता नुसता 'साखळी' एवढाच. तिला विचारलं तर पहिल्यांदाच ती सरळ माझ्याकडे बघून बोलली.

"मी हय मावशीकडे रवतंय. बाबा इब्रामपूरला असता. सगुण नाईकाच्या घराकडे."

दुसऱ्या दिवशी दोन बस बदलून, वर भर उन्हात अर्धा तास चालून मी इब्रामपूरला पोचले. सगुण नाईक अंगणात मिरच्या वाळत घालत होते. सत्तरीचे असतील. मी शीतलचं नाव सांगताच ते पोट धरून हसायला लागले.

"तुका पण हयच धाडल्यान? गेल्या वर्सा एक मास्तर इल्लो. घामान भिजान गेल्लो बिचारो."

"म्हणजे तिचे वडील इथे राहत नाहीत?"

"माझो तिच्याशी संबंध कसलो गे बाय? साखळेच्या बाजारात माझ्याकडसून मिरच्यो घेता, इतकीच ओळख."

परतीची बस तीन तासांनी होती. त्या तीन तासांत मी मनातल्या मनात त्या पोरीला जे काही बोलले ते प्रबंधात घालण्यासारखं नव्हतं. वर्तनसमस्या म्हणे! इथे माझंच वर्तन बिघडायची वेळ आली होती.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या शिपायाला गाठलं. तो म्हणाला, तिचा बाप विठू खाणीवर ट्रक चालवतो, सावंतवाडीकडचा आहे, खाणीच्या रस्त्यावरच्या खोल्यांत सगळे एकत्रच राहतात. संध्याकाळी मी थेट तिथे गेले. विठू नुकताच कामावरून आला होता, केसांपासून पायांपर्यंत खाणीच्या लाल धुळीने माखलेला. त्याने मला खुर्ची दिली, बायकोने, लक्ष्मीने, चहा आणि उंडा पाव पुढे ठेवला. प्रश्नावली काढण्याआधी मी सगळा वैताग ओकून टाकला. इब्रामपूर, बस, ऊन, कोंडलेले मास्तर, सगळं. शीतल आतल्या दाराशी उभी होती. तिचा चेहरा असा उतरला होता की मी बोलता बोलता थांबले, पण तोवर सगळं सांगून झालं होतं.

त्यानंतर शीतल शाळेत दिसली नाही. चार दिवस झाले. पाचव्या दिवशी लक्ष्मी मला बसस्टँडवर भेटली. मुद्दाम माझी वाट बघत उभी होती.

"बाईनूं, थोरल्या चेडवाच्या येळाक पण असोच मास्तर घराक इल्लो. तक्रार सांगून गेलो. ह्यांनी तिका सातवीतून काढल्यानी. आता ती खाणीर माती निवडूक जाता." तिने पदराने तोंड पुसलं. "हिका तां म्हायत हा. म्हणान ती कोणाक घर दाखवणा नाय."

मी तिथेच बाकड्यावर बसले. माझी पणजीची बस समोरून निघून गेली. राग अजून होता, पण आता तो कुणावर काढावा ते कळेना. 'मुलीच्या असहकार्यामागची कारणे' असा एक रकाना माझ्या फॉर्ममध्ये होता. त्यात मी 'उद्धटपणा' असं आधीच लिहून ठेवलं होतं.

त्या संध्याकाळी पुन्हा त्या खोलीत गेले. विठूने खुर्ची दिली नाही.

"शीतल शाळेत का नाही?"

"शिकान काय करतली? मास्तरांका कोंडूक शिकता."

मी श्वास घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा इतकं सफाईदार खोटं बोलले. "अहो, तिची निवड झालीय. मी आले होते ते त्यासाठीच. सगळ्या तालुक्यातून तीसच मुलं घेतलीत युनिव्हर्सिटीच्या अभ्यासासाठी. ती शाळेत नसेल तर तिचं नाव काढावं लागेल."

विठूने हातातला टॉवेल खांद्यावर टाकला. "तिसातली एक?"

"तिसातली एक."

"आणि तां छापून येतला?"

"येईल की."

सोमवारी शीतल शाळेत हजर होती. तासानंतर माझ्याजवळ आली.

"बाई, तुमी बाबाक फसयलास."

"हो. आणि तू मला इब्रामपूरला पाठवलंस."

तिला हसू आलं, तिने ते लगेच गिळलं. मग म्हणाली, "तरी पण मी ते उरलेले प्रश्न भरुचंय नाय." आणि खरंच भरले नाहीत.

पणजीला जाऊन मी मार्गदर्शकांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही स्वतः त्या केसमध्ये हस्तक्षेप केलात. ही केस बाद. तिसावा विद्यार्थी नवा शोधा." तो शोधायला मला पेडण्याच्या चार शाळा फिराव्या लागल्या, एक सहामाही गेली आणि रजा वाढवून घेताना आमच्या संस्थेच्या चिटणीसांचं बोलणं ऐकावं लागलं ते वेगळंच.

शीतल दहावी झाली, दुसऱ्या प्रयत्नात. मधल्या काळात तिने आणखी एका मास्तरांची सायकल विहिरीत टाकली होती. हे मला कृष्णनाथ सरांनीच, जणू मीच ती ढकलली अशा सुरात, सांगितलं.

आणि विठू? खाणीचा ट्रक घेऊन जाताना मी रस्त्यात दिसले की तो भर रहदारीत गाडी थांबवतो, मागचे हॉर्न वाजवत राहतात, आणि हा खिडकीतून ओरडून विचारतो, "बाईनूं, आमच्या शीतलचा पुस्तक कधी येतला?"

"येईल, येईल," मी म्हणते आणि पाय उचलते.