वीस फुटी समुद्र

"पेंटरसाब, आभाळ झालं, पानी झालं. मधली रेष तेवढी मारा की! लारी कवाची उभी हाय."

भरमा नाटक कंपनीचा पडदा न्यायला बेळगावहून आला होता. रविवारी प्रयोग. वेंगुर्ल्याच्या बंदराजवळच्या वखारीत वीस फुटी समुद्र जमिनीवर पसरला होता, बाहेरचा खरा समुद्र उन्हात डोळे दिपवत होता, आणि शरच्चंद्र तिसऱ्यांदा कुंचला धूत होता.

त्याची बायको कल्याणी बेबीला कडेवर घेऊन येरझाऱ्या घालत होती. पोरीचा हात पांढऱ्या सफेद्याच्या वाटीकडे गेला की ती तो मागे ओढी. सफेद्यात शिसं असतं, ते अंगात भिनलं की हात लुळे पडतात, हे ती इंटरच्या रसायनशास्त्रात शिकली होती. नवरा मात्र बारा वर्षं कुंचल्याला ओठांनी टोक काढत आला होता. पंधरा दिवसांपासून त्याचं उजवं मनगट लोंबत होतं. आभाळ नि लाटा त्याने डाव्या हाताने, फडक्याने निभावून नेल्या. रेष कशी निभावणार? ती एका दमात यायला हवी. आणि हे भरमाला कळलं की कंपनीला कळणार. मग बेळगावात काम कोण देईल?

"हात आखडला काय वो?" भरमाने विचारलंच.

"दोरीनं मारणार आहेत," कल्याणी घाईने म्हणाली. बेबीला तिने भरमाकडे दिलं. "हिला धरा जरा. कशाला हात लावू देऊ नका."

"दोरी? गवंड्यागत? मागल्या साली तर एका झटक्यात मारलेली की!"

"मागल्या साली पडदा बारा फुटांचा होता, भाऊजी."

शरच्चंद्राने तिच्याकडे पाहिलं नि कुंचला खाली ठेवला. तिने सुतळी निळ्या रंगात भिजवली, एक टोक खिळ्याला बांधलं, दुसरं ताणून धरलं. त्याने मधोमध वाकून डाव्या चिमटीने ती उचलली, सोडली. टप्प! रेष उमटली.

भरमाची नजर त्या डाव्या चिमटीवर रेंगाळली. कल्याणीने घाईने सुतळी गुंडाळायला घेतली.

"झ्याक!" तो म्हणाला. "आता तुमचं नाव घाला. मालक पयलं नावच बघतोय."

शरच्चंद्राने कुंचला रंगात बुडवला, निथळू दिला आणि तिच्यापुढे धरला.

"तुझं अक्षर चांगलंय."

लग्नापासून ते नाव उखाण्यापुरतंच तिच्या ओठांवर आलं होतं. पदर खोचून ती कोपऱ्यात गुडघ्यांवर बसली. पहिलं अक्षर नको तेवढं मोठं झालं. मग पुढचीही तिने तेवढीच मोठी काढली.