चांगुणाचे गाल

लातूर नवा जिल्हा झाला, त्या वर्षीच्या दुष्काळात चांगुणाचे गाल पळसागत पेटले. डॉक्टरनं बजावलं, "ऊन, तिखट, कढत चहा टाळ. गार पाण्यानं हळूच तोंड धू. सहा महिने धीर धर, पण दुकानातली मलमाची ट्यूब लावू नको; ती थांबली की दुप्पट लाली येते."

आठ दिवसांनी नव्या कचेरीतला शिपाई तिला बघायला येणार होता. मावशीनं ट्यूब आणलीच. "लाव गं! लाल माकडाला कोण पसंत करतंय?"

चौथ्या दिवशी गाल दुधासारखे झाले. लग्न ठरलं.

"डाक्टर येडा हाय!" मावशी हसली.

हळदीच्या दोन दिवस आधी ट्यूब संपली. दुकानातही उरली नव्हती. हळदीच्या सकाळी चांगुणानं आरसा घेतला. राख फुंकल्यावर निखारा दिसावा, तसे गाल आतून पुन्हा लालभडक पेटले होते. बाहेर बायकांनी जात्यावर हळदीची ओवी धरली.