बाबांची वाढणारी चकती

"वाढली! वाढली!" सभागृहात एकच गलका झाला. चांगली शिकलीसवरली माणसं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर चढून माना उंचावत होती. मंचावर दोन पांढऱ्या फळ्या उभ्या होत्या. डावीवर मोठाल्या काळ्या वर्तुळांचं कडं रंगवलेलं, उजवीवर बारीक ठिपक्यांचं. चमत्कार दाखवणाऱ्या बाबांनी सोनेरी चकती डावीच्या मधोमध चिकटवली, डोळे मिटून काहीबाही पुटपुटले आणि ती काढून उजवीवर लावली. सगळ्यांदेखत चकती मोठी झाली.

बालवाडीच्या बाईंनी डोळे चोळले. त्यांनाही ती मोठीच दिसत होती, आणि त्याचाच त्यांना संताप येत होता.

"आता निष्पाप डोळा काय म्हणतो, ऐकू या!" बाबांनी पुढच्या रांगेत बसलेल्या, बालवाडीच्या बाईंच्याच चार वर्षांच्या भाचीला कडेवर घेतलं. "सांग बाळ, किती वाढली?"

"नाही वाढली. तेवढीच आहे."

बाबांचा चेहरा पडला, मग आवाज चढला. "पोरीच्या नजरेत दोष शिरलाय! आज हे थेंब घातले नाहीत, तर दृष्टी जाईल!" खिशातून गढूळ पाण्याची बाटली निघाली. मुलीचा बाप औषधांच्या दुकानात बसणारा, गिऱ्हाइकांना रोज मुदत बघून घ्यायला बजावणारा. त्यानेच धावत जाऊन लेकीचं डोकं घट्ट धरलं!

"भावजी, सोडा तिला!" बाई मंचावर चढल्या. "बाटलीवर साधं नाव तरी आहे का?"

"ताई, तुम्ही मधे पडू नका. डोळ्यांचा प्रश्न आहे."

बाईंना वर्गातली बटणं आठवली. एकसारखी दोन बटणं, एक थोराड बटणांच्या घोळक्यात, दुसरं चिमुकल्यांच्या. बाई दरवेळी फसायच्या. पोरं मात्र बहुतेक वेळा "सारखीच" म्हणून मोकळी व्हायची.

त्यांनी मंचावर ठेवलेला बाबांचा पाण्याचा पेला रिकामा केला आणि चकतीवर टेकवला. काठाला काठ जुळला. चकती डावीवर नेली, पुन्हा टेकवला. पुन्हा तंतोतंत.

"माझा पेलाही वाढतो!" बाबा गरजले. दोनचार जणांनी माना डोलावल्यासुद्धा. आता काय बोलायचं यांच्यापुढे?

बाईंनी चकती परत उजवीवर लावली आणि दोन्ही तळव्यांनी ठिपके झाकले. चकती आक्रसली. हात काढले, फुगली.

"लहानगी नजर नुसती चकती बघते. वय वाढतं तशी नजर आजूबाजूला बघून अंदाज बांधायला शिकते. एरवी ते कामाचंच, पण इथे त्यानेच आपण फसलो. पोरीचे डोळे ठणठणीत आहेत!"

"पण ताई, मला अजूनही मोठीच दिसते."

"मलाही दिसते, भावजी! म्हणून तर मोजायचं."

मागून कुणीतरी विचारलं, "ते थेंब मोठ्यांना चालतील का हो?" बाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

भाचीने बापाचा हात डोक्यावरून ढकलला. "मी सांगितलं होतं ना, तेवढीच आहे म्हणून!"

खरंच सांगितलं होतं. बाटलीचं बूच उघडण्याआधी बापाने तिला एवढंच विचारायचं होतं, "कशावरून गं?" तुम्हीआम्हीही विचारू या. विचारायला पैसे पडत नाहीत. न विचारता घातलेले थेंब मात्र लेकरांच्या डोळ्यांत जातात.