तिसऱ्या नळीतला पांढरा बोळा

मित्रांनो, मी एक जुना मॅनिफोल्ड आहे. तुम्ही मला पाहिले नसेल, कारण मी मोटारीच्या बॉनेटखाली, इंजिनाच्या कुशीला असतो. हाताच्या पंजाला एक बोट कमी असावे, तसा माझा आकार. बाहेरची हवा आणि पेट्रोल माझ्या पोटात येते आणि ते मी चार नळ्यांतून चार सिलिंडरांना वाटून देतो. स्वतःला काही ठेवत नाही. बावीस वर्षे हेच करतो आहे, आणि खरे सांगायचे तर आता दमलो आहे.

माझा जन्म वाळूत झाला. वितळलेले ॲल्युमिनियम वाळूच्या साच्यात ओतले आणि मी निघालो. त्या वाळूचा खरखरीतपणा माझ्या आतून कधी गेला नाही. बाहेरून सगळे घासतात, आतून कोण बघतो?

पहिली अकरा वर्षे मी नातेपुत्याच्या गंगाधर गुरुजींच्या गाडीत काढली. त्यांनी मला जपले. त्यांची नजर अधू झाली तेव्हा गाडी सांगोल्याच्या बाळासोंकडे आली. बाळासो मेंढरांचे मालक. मागच्या सीटवर कधी आजारी मेंढी, कधी पेंडीचे पोते. हवा गाळणारा फिल्टर फाटला, तो कुणी बदलला नाही. माळाची धूळ मी निमूटपणे गिळली. चढाला मला धाप लागे. मग बाळासो म्हणत, "ह्या गाडीपरीस मेंढरू बरं. हाकलं की चालतं तरी."

त्यांची मुलगी सोनम सोलापुरात इंजिनाचे शिक्षण घेत होती. सांगोल्याबाहेरच्या माळावर मातीच्या वाटेने मोटारी पळवायची शर्यत ठरली. एकेक गाडी सोडायची आणि घड्याळ लावायचे. सोनमने हट्ट धरला. बाळासो म्हणाले, "पळव की. साडेचार मिनिटांत आली तर गाडी तुझी. न्हाय तर सोमवारी भंगारात."

भंगार म्हणजे माझ्यासाठी पुन्हा भट्टी, मित्रांनो.

सोनमने गाडी सोलापुरात सिद्धलिंग मिस्त्रींच्या गॅरेजात नेली. त्यांनी मला खोलून डोळ्याशी धरले. "ह्याचं तोंड इंजिनाच्या तोंडाशी जुळत न्हाय. हवा उंबऱ्याला ठेचकाळती."

"मग मोठं करा की, काका. चांगलं ऐसपैस."

"तोंड मोठं केलं म्हणून जोर येतो व्हय? तसं असतं तर आमच्या गुरम्मानं ट्रक ओढला असता."

त्यांची बायको गुरम्मा जेवणाचा डबा घेऊन दारातच उभी होती. "ओढतेच की. चाळीस वर्सं तुमालाच ओढतीया."

गुरम्मा चादरीच्या कारखान्यात कामाला होती. हात पुसायला ती तिथले उरलेले सूत आणत असे. त्या सुतावरून मिस्त्रींची एक रीत पडली होती. घासताना निघणारा धातूचा कीस माझ्यासारख्याच्या पोटात जाऊ नये म्हणून ते चार नळ्यांत चार रंगांचे बोळे कोंबत. लाल, हिरवा, पिवळा, निळा. काम झाले की चारही रंग ताटलीत दिसले पाहिजेत, मगच बसवायचे. पण त्या आठवड्यात कारखान्यात पांढरे टॉवेल विणायला घेतले होते. सूत आले ते सगळे पांढरे.

दोन दिवस मिस्त्री मला घासत होते. नखाएवढे घासायचे आणि बोट फिरवून बघायचे. इतक्या मायेने माझ्या आत कुणी कधी हात घातला नव्हता. शेवटी त्यांनी हवेच्या नळीने मला साफ केले. दोन बोळे अंगणात उडाले, एक ताटलीत पडला आणि चौथा मागे सरकून माझ्या पोटाच्या कोपऱ्यात बसला. फरशीवर पांढऱ्या सुताचे ढीग पडले होते. त्यात तीन काय आणि चार काय? मिस्त्रींनी मला बसवून टाकले. मला कळत होते, पण सांगणार कसे?

गावात हळू चालताना बोळा जागचा हलला नाही. माळावर सोनमने पाय दाबला आणि मी कधी घेतला नव्हता एवढा श्वास घेतला. अर्ध्या वाटेपर्यंत गाडी अशी पळाली की बावीस वर्षांत पहिल्यांदा मला माझा जोर समजला. दुसऱ्या वळणावर बोळा ओढला गेला आणि तिसऱ्या नळीत अडकला. एक सिलिंडर उपाशी पडला. गाडी थरथरत, खोकत पोहोचली तेव्हा सहा मिनिटे होऊन गेली होती.

"झालं?" बाळासो म्हणाले. "सोमवारी नेतो."

सोनम स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली.

शर्यत बघायला आलेल्या मिस्त्रींनी बोटे भाजत मला तिथेच खोलले. तारेने तिसऱ्या नळीतून बोळा बाहेर आला. बाकी सगळे गाडीच्या पलीकडे होते. पाहिले ते त्यांनी आणि मी. बोळा खिशात घालून ते म्हणू शकले असते की मॅनिफोल्ड जुना होता, चिरला. चाळीस वर्षांचे नाव राहिले असते आणि मी भट्टीत गेलो असतो. मूठ मिटून ते बराच वेळ उभे राहिले. मी वाट पाहत राहिलो. दमलेल्याला दुसरे काय येते?

मग ते बाळासोंसमोर गेले आणि मूठ उघडली. "गाडीची खोड न्हाय, मालक. बोळा मी इसरलो. रंग न्हवतं, तर मोजायचं तरी हुतं. मोजलं न्हाय."

बाळासोंनी बोळा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "असं किती येळा झालंय?"

"कळलं ते पयलंच."

बाळासोंनी बोळा मिस्त्रींच्या हातावर परत ठेवला. "आमी बी मेंढरं मोजताना चुकतो," ते म्हणाले. "म्हणून कुणी कळप इकत न्हाय."

आणि ते सोनमकडे वळले. "पुढल्या बारीला पळव. बोळं मात्र तूच मोज."

मित्रांनो, यंत्र अडले की लगेच त्याला जुने, निकामी म्हणू नका. आधी आपला हात कुठे चुकला ते बघा. आम्हाला बाजू मांडता येत नाही, ती माणसालाच मांडावी लागते. त्या दिवशी एका थकलेल्या माणसाने भर माळावर मूठ उघडली, म्हणून मी अजून श्वास घेतो आहे. तुमच्याही मुठीत असे काही असेल, तर तेवढी उघडा.