सव्वा मूठ

निवृत्त शिक्षिकेला गप्प बसवायचं असेल तर तिच्या कानाला हेडफोन लावून द्यावा, असं आमच्या इतिहास मंडळाचे सुपडूनाना येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे आणि वर माझ्याकडे बघून मिश्कील हसायचे. धुळ्यातल्या त्या मंडळात पोथ्या, नाणी, ताम्रपट असं पुष्कळ काही आहे, पण त्यांना जाणकार माणसं लागतात; माझ्या वाट्याला आल्या त्या कॅसेटा. चाळीसेक वर्षांपूर्वी नाना तरुण असताना खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवून खानदेशातली गावं पालथी घालत, आणि जिथे कुठे गाणं, कहाणी, सणवार दिसेल तिथे बटण दाबत. पुढे त्या कॅसेटा कपाटात पडून राहिल्या. आता नानांना कमी ऐकू येतं, म्हणून त्या ऐकून कागदावर उतरवायचं काम मी अंगावर घेतलं. घरी तरी मी काय करणार होते? माझे यजमान ईश्वर यांना जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलता एक राकेश जळगावला पाइपच्या कारखान्यात आहे, तिथेच मेहरूणला खोली घेऊन राहतो आणि रविवारी फोन करून मी जेवले का ते विचारतो.

हिवाळ्यात एक कॅसेट हाती आली, तिच्यावर नानांच्या अक्षरात माझ्या सासरच्या गावाचं नाव होतं आणि खाली लिहिलं होतं, कानबाईचे रोट. श्रावणात कानबाई, आमची खानदेशची देवी, घरात बसायच्या आधी घरातली मोठी बाई सूप पुढ्यात घेते, घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेते आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात टाकते. त्या दळणाचे रोट घरच्यांनीच खायचे असतात, पाहुण्यांनासुद्धा द्यायचे नसतात. आम्हा बायकांच्या नावाची मूठ नसते. त्यावर नव्या नवरीच्या तोऱ्यात मी एकदा बोलले होते आणि सासरी दिवसभर माझ्याशी कोणी बोललं नव्हतं.

बटण दाबलं आणि सासूबाईंचा आवाज आला. इतक्या वर्षांनी तो ऐकून मी नकळत पदर सारखा केला. मागे सासरे खोकत होते, आणि आणखी कोणीतरी तरुण माणूस हसत होता. ते हसणं ईश्वरचं होतं, आमच्या लग्नाच्याही आधीचं. मी फीत मागे नेऊन ते हसणं पुन्हा ऐकलं, आणखी एकदा ऐकलं, आणि मग सासूबाईंच्या तोंडून ईश्वरचं नाव कधी येतं याची वाट बघत बसले.

"झुलालनी मूठ," सासूबाई म्हणाल्या. झुलालभाऊ माझे थोरले दीर. सुपात गहू पडले.

"वनानी मूठ." वनाभाऊजी धाकटे, शेवटपर्यंत बिनलग्नाचे. गहू पडले.

"राकेशनी मूठ." गहू पडले. मग सासूबाईंनी विचारलं, "कोनी राही गयं का?"

कोणाचं नाव राहून गेलं का, असं त्या विचारत होत्या. कॅसेट तिथे संपत होती.

आधी मला रागच आला. नवरा जवळ बसून खोकतोय, मधला मुलगा तिथेच हसतोय, आणि बाईंनी दोघांच्या नावाची मूठच घेतली नाही. बाकीचं माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. सासूबाई गेल्या तेव्हा राकेश माझ्या पोटात होता. त्याचं नाव मी ठेवलं, तेही बारशाच्या दिवशी, नणंदेशी वाद घालून.

मी नानांना विचारलं. त्यांनी बराच वेळ हेडफोन कानाला दाबून धरला.

"राही एखादा पाव्हना, बाई," ते म्हणाले. "जे व्हयनं ते बठ्ठं मी भरी लिधं. आते तर माले गहू पडाना आवाज तेवढा येस."

असेल एखादा पाहुणा, जे झालं ते सगळं मी भरून घेतलं, एवढंच त्यांचं म्हणणं. पाहुण्याची मूठ नसते हे त्यांनाही ठाऊक होतं, पण मी वाद घातला नाही. सणाच्या गडबडीत कोणी काय बोललं असेल, आपण काय ऐकलं असेल, अशी मनाची समजूत घातली आणि कॅसेट बाजूला ठेवली.

त्यानंतर एकदा सकाळी तिची कॉम्प्युटरवर नक्कल करायला म्हणून ती पुन्हा लावली. झुलालनी मूठ, गहू पडले, राकेशनी मूठ. मी फीत मागे नेली. वनाचं नाव कुठेच नव्हतं, आणि ते पुसलं गेल्यावर राहावी तशी मोकळी जागाही मध्ये नव्हती. जणू ते तिथे कधी नव्हतंच. माझेच कान आता नानांच्या वाटेने निघाले, असं म्हणून मी चहा घ्यायला उठले. दुपारी गावाकडून झुलालभाऊंचा फोन आला.

"राकेशनी माय," ते म्हणाले, "वना गया. वावरमा पडना, उठनाच नही."

तेराव्यानंतर धुळ्याला परतले तेव्हा मला समजून घ्यायचं नव्हतं, तरी समजलं होतं. गेलेल्या माणसाच्या नावाची मूठ घेत नाहीत, हे खानदेशातली कोणतीही बाई सांगेल. सासूबाई चाळीस वर्षांपूर्वी बसून आज कोण कोण आहे ते मोजत होत्या, म्हणूनच त्यात सासरे नव्हते, ईश्वर नव्हते.

त्यानंतर मंडळाचं कुलूप उघडलं की मी आधी तीच कॅसेट लावायची. राकेशनी मूठ ऐकू आलं की माझा दिवस सुरू व्हायचा, तोवर मला पाण्याचा घोटही उतरत नसे. नक्कल करून पाहिली, पण नकलेत नुसते गहू पडत होते, नाव एकाचंही नव्हतं. म्हणजे होती ती एवढीच एक फीत, आणि माझ्या रोजच्या ऐकण्याने ती झिजत चालली होती, कुठे कुठे सासूबाईंचा आवाज पाण्याखालून यावा तसा यायला लागला होता. ती तुटली तर काय होईल याची मला भीती वाटे आणि न ऐकता घरी जायची त्याहून जास्त. वर्गातली वांड मुलं मी नुसत्या नजरेने गप्प केली आहेत, पण इथे दटावायचं कोणाला, विनवायचं कोणाला, तेच कळत नव्हतं.

शेवटी न राहवून राकेशला सांगितलं. तो खूप हसला.

"आजीला म्हणावं, माझी मूठ जरा दाबून भर," तो म्हणाला. "आणि तू ते मंडळ सोड आई. जळगावला चल माझ्याकडे."

श्रावण लागला. वनाभाऊजींच्या जाण्याने झुलालभाऊ थकले होते, पण रोट चुकवायचे नाहीत म्हणाले, आणि घरात बाई म्हणून आता मीच उरले होते, तेव्हा यंदा माझ्याकडेच करायचं ठरलं. भाऊ आदल्या दिवशीच धुळ्याला आले. राकेश मोटरसायकलने यायचा होता. सकाळी गहू निवडून ठेवले आणि डाळ आणते असं भाऊंना सांगून मी मंडळात गेले.

"झुलालनी मूठ," सासूबाई म्हणाल्या. गहू पडले. "कोनी राही गयं का?"

मी फीत मागे नेली. पुन्हा नेली. मग तिथेच उभी राहून राकेशला फोन लावला.

"अगं, पारोळं सोडलं मी, चहाला थांबलोय," तो म्हणाला. मागून ट्रकचे आवाज येत होते.

"गाडी तिथेच ठेव आणि एसटीने ये. माझं ऐक राकेश, मी तुझ्या पाया पडते."

तो या वेळी हसला नाही. "बरं आई," एवढंच म्हणाला.

घरी येऊन मी दारातच बसून राहिले. त्याला पुन्हा फोन करायचं मला धाडस झालं नाही. ऊन कलायला लागलं तेव्हा तो फाटकातून आत आला. शर्टावर रस्त्याची धूळ होती, बाकी सगळा धडधाकट होता. मला हुंदकाच फुटला. त्याच्या तोंडावरून हात फिरवला, स्वतःलाच चार शिव्या घातल्या, आणि उद्या त्या कॅसेटची फीत ओढून चुलीत टाकायची असं ठरवून टाकलं. तो काही बोलला नाही, दमला असावा. माझ्यासमोर भिंतीला टेकून बसला. त्याच्या पुढ्यात ठेवलेला पाण्याचा पेला तसाच राहिला.

"बस आते, राकेशनी माय," बाजेवरून भाऊ म्हणाले. "उशीर व्हई राह्यना."

मी सूप पुढ्यात ओढलं. भाऊंचं नाव घेतलं, सव्वा मूठ गहू टाकले. मग दुसरी मूठ भरली, चांगली दाबून भरली, आणि तोंड उघडलं. माझ्या पोराचं नाव, जे मी स्वतः ठेवलं होतं, ते जिभेवर येईना. कितीदा प्रयत्न केला. बोटांच्या फटीतून गहू सुपाच्या बाहेर, जमिनीवर सांडत राहिले.

भाऊंनी बाजेवरून थोडं वाकून सुपात पाहिलं, मग राकेश टेकला होता त्या भिंतीकडे, तिथे कोणीच नसल्यासारखं.

"कोनी राही गयं का?" त्यांनी विचारलं.

मी राकेशकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे बघत, अगदी हळू, नाही म्हणून मान हलवली.